चिनी सुपातली सुकी मुळं आणि फळं: काय घ्यावं, कसं भिजवावं, कधी घालावं

सिंगापूर-हाँगकाँगच्या सुपरमार्केटात भाजीच्या शेजारी चपटी पाकिटं टांगलेली असतात. आत सुरकुतलेली लाल फळं, पांढऱ्या चकत्या, पिवळट काड्या. नव्याने इथे राहायला आलेली मराठी मंडळी कुतूहलाने एखादं पाकीट उचलतात, सगळं एकदम चिकनबरोबर पातेल्यात टाकून दोन तास उकळतात आणि मग म्हणतात, हा तर काढा झाला. होणारच. त्यातल्या काही वस्तूंना दोन तास लागतात, काहींना दहा मिनिटं पुरतात. शिवाय बंद पाकिटातला माल किती दिवस तिथे टांगलेला आहे ते कळायला मार्ग नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पाकिटाच्या वाटेला जाऊच नका. चार-पाच वस्तू सुट्या घ्या, थोड्या घ्या, आणि त्या ओळखायला शिका. या सुपांची निम्मी चव दुकानात ठरते आणि उरलेली पातेल्यात घालण्याच्या क्रमावर. मसाला नाहीच, त्यामुळे खराब माल झाकायला जागा नसते.

आधी ओळख करून घ्या

लाल खजूर म्हणून जे विकतात, ते होंगझाओ. खजुराशी त्याचा संबंध नाही. ती बोरं आहेत, आपल्या बोराचीच सख्खी भावंडं. हेबेई, शान्शी, शांडोंग, हेनान या उत्तरेकडच्या प्रांतांत ती शतकानुशतकं होतात, आणि आता शिनजियांगमधून भरपूर येतात. होतानची मोठी फळं नुसती खायला छान, पण सुपाला मध्यम आकाराची पुरतात. घेताना एक फळ चिमटीत दाबा. सोडल्यावर ते हळूहळू परत फुगलं पाहिजे. देठापाशी बारीक भोक असेल तर आत कीड आहे असं समजा. घरी आल्यावर बिया काढूनच वापरा. बी ठेवली तर सूप उष्ण पडतं असं दक्षिण चीनमधल्या कँटनी बायका सांगतात. उष्ण-थंडाचा हा हिशेब आपल्याला काही नवीन नाही. मला मात्र बी काढण्याचा फायदा वेगळाच वाटतो: फळ उघडलं की किडकं निघालं तर तिथेच दिसतं.

याच बोराचा दुसरा अवतार म्हणजे मीझाओ. हिरवी बोरं उभ्या बारीक चिरा देऊन साखरेच्या पाकात शिजवतात आणि सुकवतात. सोनेरी-तपकिरी रंग, अंगभर रेघा. मोठ्या पातेल्याला दोन पुरेत. सुपात साखर न घालता गोडवा आणायची ही कँटनी युक्ती आहे.

गोजी आता भारतातही सगळ्यांना माहीत आहे. निंगशियामधल्या झोंगनिंगची गोजी नावाजलेली. चांगल्या फळाचा रंग काळपट लाल, जरा उन्नीस-बीस असतो, आणि देठाच्या टोकाला फिकट ठिपका दिसतो. तो ठिपकाही लालभडक असेल आणि गार पाण्यात टाकल्याबरोबर पाणी लाल झालं, तर रंग दिलेला आहे.

हुआईशान म्हणजे कंदाच्या पांढऱ्या चकत्या. हा आपल्या कोनफळाच्या गोतातला. इथे एक इशारा: जितकी पांढरी चकती तितकी चांगली असं अजिबात नाही. पांढरेपणासाठी गंधकाची धुरी देतात. थोडी मळकट, सायीच्या रंगाची चकती निवडा आणि नाकाशी धरा. आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला की परत ठेवा. बाईहे, म्हणजे लिलीच्या कंदाच्या सुक्या पाकळ्या, यांनाही हाच नियम.

दांगशेन आणि हुआंगछी ही दोन मुळं बहुतेक वेळा जोडीने येतात. दांगशेन बोटाएवढं किंवा त्याहून बारीक, उभ्या सुरकुत्यांचं, चवीला गोड. महागड्या जिनसेंगच्या जागी घरोघरी हेच वापरतात. हुआंगछी शेंगावर्गीय झाडाचं मूळ. लांबट, तिरप्या कापांत मिळतं आणि चावून पाहिलं तर गोडसर लागून मागे कच्च्या शेंगेचा वास येतो. तो आलाच पाहिजे.

यूझू हे पिवळट, किंचित पारदर्शक मूळ सौम्य असतं, बिघडवत काही नाही. नवशिक्याने यापासून सुरुवात करावी. लोंगयान हे लिचीच्या कुळातलं फळ. सोललेला सुका गर तपकिरी आणि चिकट. छियेनशी पाहून तर बिहारी माणूस लगेच ओळखेल, कारण ते मखानाच आहे, फक्त न फुलवलेलं. लियेनझी म्हणजे कमळाचं बी. गानछाओ म्हणजे ज्येष्ठमध. चिनी आणि आपल्याकडची जात वेगळी असली तरी चवीचा घराणा एकच.

उरलं चेनपी, वाळवलेली संत्र्याची साल. तिच्यावर जरा थांबायला हवं. ग्वांगडोंगमधल्या जियांगमेन शहराचा शिन्हुई हा भाग तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. साल तीन पाकळ्यांत उघडतात, उन्हात वाळवतात आणि मग वर्षानुवर्षं मुरू देतात. तीन वर्षांखालच्या सालीला तिथे चेनपी म्हणतच नाहीत. जुनी होत जाते तसा रंग काळवंडतो, सालीतला चरका उग्रपणा जाऊन वास खोल होतो, आणि किंमत चढते. स्वयंपाकाला फार जुनी लागत नाही. पाच वर्षांची साल सुपात उत्तम काम करते. घरच्या संत्र्याची साल वाळवून तीच चव येईल का, असं मला पुष्कळ जण विचारतात. येत नाही. नागपुरी संत्र्याची साल वासाला छान, पण न मुरलेली साल सुपात कडवटपणा आणते.

दुकानात गेल्यावर

सिंगापूरला अशा दुकानांना 'मेडिकल हॉल' म्हणतात. हाँगकाँगला शेउंग वानमधला को शिंग स्ट्रीट आणि ग्वांगझोऊचा छिंगपिंग बाजार ही त्यांची मोठी ठिकाणं. भिंतभर लाकडी खण, काउंटरवर काचेच्या बरण्या. भाव बरेचदा ताएलवर लिहिलेला असतो. सिंगापूर-हाँगकाँगला एक ताएल म्हणजे सुमारे ३७.८ ग्रॅम, आणि १६ ताएलांचा एक कॅटी, म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम. चीनमध्ये मात्र कॅटी, म्हणजे तिथला जिन, ५०० ग्रॅमचा आणि त्याचे दहाच ताएल, म्हणजे लियांग. हे ठाऊक नसेल तर आकडा बघून स्वस्त वाटतं आणि बिल हातात आल्यावर डोळे उघडतात.

आमच्या इमारतीखालच्या दुकानातले अंकल काही द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारतात: सूप कशाचं, आणि पिणार कोण? घरात म्हातारं माणूस आहे, कोणी खोकतंय, की नुसतीच चव घ्यायची आहे, यावर त्यांचा हात वेगळ्या खणाकडे जातो. पहिल्यांदा दांगशेन मागितलं तेव्हा त्यांनी एक मूळ काढून बोटाभोवती वाकवलं. ते तुटलं नाही, वाकलं. मग टोक मोडून माझ्या हातावर ठेवलं, 'चावा.' गोड लागलं. काडीसारखं कडकन मोडणारं दांगशेन जुनं किंवा जास्त वाळलेलं, हा धडा दोन मिनिटांत मिळाला. पाकिटावर तो छापलेला नसतो.

पहिल्या खेपेला एवढंच घ्या: होंगझाओ १०० ग्रॅम, गोजी ५० ग्रॅम, हुआईशान १०० ग्रॅम, यूझू ५० ग्रॅम, दोन मीझाओ आणि चेनपीची एक पूर्ण साल. दोन-तीन पातेली सूप सहज होतं.

भिजवणं

सगळ्यांना एकच वेळ लागत नाही. हुआईशान, यूझू आणि इतर मुळं अर्धा तास. बाईहे आणि कमळबी एक ते दोन तास. कमळबीच्या आतला हिरवा कोंब काढायला विसरू नका, तो जहर कडू असतो. होंगझाओ पंधरा मिनिटं. लोंगयान आणि गोजी भिजवायचे नाहीत, फक्त वापरायच्या आधी धुऊन घ्यायचे. भिजवले तर चव पाण्यात जाते.

चेनपी वीस मिनिटं भिजवून मऊ झाली की आतला पांढरा पापुद्रा चाकूच्या पाठीने खरवडा. कोवळ्या सालीला हे करावंच लागतं. दहा वर्षांच्या वर मुरलेली असेल तर नको.

हुआईशान, बाईहे आणि कमळबीचं भिजवलेलं पाणी फेकून द्या, गंधकाचा अंश असला तर त्यात उतरतो. चेनपीचं आणि सुक्या मशरूमचं पाणी मात्र गाळून सुपात घाला.

पहिलं सूप

चार जणांसाठी. हाडांसकट चिकन ६०० ग्रॅम, हुआईशान २० ग्रॅम, यूझू १५ ग्रॅम, बिया काढलेले ६ होंगझाओ, १ मीझाओ, चेनपीची एक पाकळी, गोजी एक मोठा चमचा, आल्याच्या तीन चकत्या, पाणी दोन लिटर. लसूण, कांदा, हळद काहीही नाही. हात शिवशिवतो, पण आवरा.

१. चिकन गार पाण्यात टाकून आल्याच्या एका चकतीसह उकळी आणा. करडा फेस वर येतो. चार-पाच मिनिटांनी चिकन काढून नळाखाली धुवा आणि ते पाणी ओतून द्या. जिवावर येतं, मान्य, पण हे टाळलं तर सूप गढूळ होतं आणि त्याला उग्र वास राहतो.

२. दुसऱ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळत ठेवा. त्यात चिकन, आलं, हुआईशान, यूझू, होंगझाओ, मीझाओ आणि चेनपी घाला.

३. मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं चांगलं उकळू द्या. मग आच इतकी बारीक करा की पृष्ठभाग जेमतेम हलत राहील. झाकण किंचित तिरकं ठेवा.

४. दीड ते पावणेदोन तास तसंच सोडा. ढवळायचं नाही. पाणी कमी वाटलं तर उकळतं पाणीच घाला.

५. शेवटच्या दहा मिनिटांत धुतलेली गोजी घाला. ती आधी घातली की फुटते आणि सुपाला आंबट झाक येते.

६. गॅस बंद केल्यावर मीठ, आणि तेही चव घेत घेत. आधी घातलेलं मीठ सूप आटत गेल्यावर जास्त होऊन बसतं.

बाईहे घालायचं असेल तर शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात. दोन तास उकळलं तर विरघळून जातं. कमळबी आणि छियेनशी सुरुवातीपासून.

कँटनीत 'बोउ साम, दान सेइ' म्हणतात, म्हणजे थेट आचेवर तीन तास आणि झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यात, पाण्याच्या वाफेवर, चार. रोजच्या घरात एवढं कोणी करत नाही, आणि करायची गरजही नाही. मटणाच्या हाडांना अडीच तास द्या, बाकी दोनच्या आत आटोपतं.

प्रेशर कुकर चालतो का? चालतो. पाणी दीड लिटरच घ्या, कारण आटत नाही. शिटी झाल्यावर मंद आचेवर पंचवीस मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्या, मग झाकण काढून गोजीसह दहा मिनिटं उकळा. चव ऐंशी टक्के येते. ते नितळ, जरा दाट अंग मात्र मंद आचेवरच जमतं.

शाकाहारी घरासाठी चिकनच्या जागी एक मक्याचं कणीस तुकडे करून, एक गाजर, २०० ग्रॅम कमळकाकडी, मूठभर शेंगदाणे आणि भिजवलेले चार सुके शिताके मशरूम घ्या. शेंगदाणे रात्रभर भिजवलेले हवेत. सव्वा तासात होतं. माझ्या मते हे चिकनच्या सुपाहून सरस लागतं, कारण कमळकाकडी आणि मका मुळांच्या गोडव्याशी भांडत नाहीत.

पेयं

रोजचं सोपं पेय: बिया काढून चिरलेले ६ होंगझाओ, १० लोंगयान, एक लिटर पाणी. पंचवीस मिनिटं मंद आचेवर, शेवटच्या पाच मिनिटांत चमचाभर गोजी. साखर नको. थंडीत गरमच घ्या. उन्हाळ्यात हे पेय उष्ण पडतं असं चिनी लोक म्हणतात, आणि मलाही मे महिन्यात ते नकोसं होतं.

लुओहान गुओ हे तपकिरी, हलकं, लिंबापेक्षा मोठं फळ. काकडी-दुधीच्या कुळातलं, ग्वांगशीमधल्या गुइलीनच्या आसपासच्या डोंगराळ भागात होतं. पारंपरिक पद्धतीत ते मंद भट्टीत वाळवतात, म्हणून त्याला धुरकट वास असतो. आता कमी तापमानात सुकवलेलं सोनेरी फळही मिळतं, ते जास्त गोड आणि कमी धुरकट. तपकिरी फळ घेताना कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर गर सुकून सुटला आहे, ते सोडा. अंगठ्याने दाबून फोडा. अर्धं फळ, कवचासकट, दीड लिटर पाण्यात अर्धा तास उकळा आणि गाळा. गोडी पुष्कळ असते, ती मोग्रोसाइड नावाच्या द्रव्यांची, साखरेची नव्हे. हे फळ आपल्याकडेही आलं आहे: पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने २०२१ मध्ये कुल्लूत त्याची लागवड करून पाहिली.

उन्हाळ्यासाठी बीजिंगचं स्वान्मेइथांग. दोन लिटर पाण्याला वूमेइ ४० ग्रॅम, सुक्या शान्झाच्या चकत्या २५ ग्रॅम, ज्येष्ठमध ५ ग्रॅम, चेनपीची एक पाकळी. वूमेइ म्हणजे जर्दाळूच्या गोतातलं, धुरावर काळं केलेलं आंबट फळ. शान्झा हे उत्तरेकडचं लाल, करकरीत आंबट फळ. सगळं अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात चाळीस मिनिटं मंद उकळा, मग ८० ग्रॅम खडीसाखर विरघळवा आणि गाळून थंड करा. शेवटी चिमूटभर सुकी ओस्मांथसची फुलं. कोकम सरबतावर वाढलेल्या माणसाला हे पहिल्याच घोटात आवडतं. ज्येष्ठमध वाढवायचा मोह आवरा, नाहीतर सगळ्या पेयावर तीच चव बसते.

गोडाचं एकच सांगते. यिनअर, म्हणजे पांढरं सुकं मशरूम, १५ ग्रॅम दोन तास भिजवून त्याचा पिवळा देठ कापा, बारीक तुकडे करा आणि कमळबी व होंगझाओसह दोन तास शिजवा. पाणी चिकट, दाट झालं की खडीसाखर. यिनअर रात्रभर बाहेर भिजत ठेवू नका. भिजलेल्या यिनअरमध्ये बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार होऊ शकतं, आणि ते उकळल्याने जात नाही.

कोणी जपून

हे जेवण आहे, औषध नव्हे, असं मी मानते. तरी काही वस्तू निव्वळ चवीपुरत्या नसतात. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, घेणाऱ्यांनी दांगगुई (अशा सुपांत पडणारं आणखी एक मूळ) आणि गोजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये; दोन्हींमुळे रक्त जास्त पातळ होऊ शकतं. गरोदरपणी दांगगुई टाळा. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध रोज पिऊ नये, त्याने दाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. गाऊट असेल तर तासन् तास उकळलेल्या हाडांच्या सुपात प्युरीन भरपूर उतरतं, त्यांच्यासाठी शाकाहारी पातेलं बरं. दमा असेल तर गंधकाचा वास येणाऱ्या मालापासून दूर राहा.

जर्दाळूच्या बिया दोन प्रकारच्या मिळतात. मोठ्या 'दक्षिणी' गोड, लहान 'उत्तरी' कडू. कडू बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून त्या सुपात मोजक्याच घालतात. कच्च्या कधी खाऊ नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आणि अनोळखी मूळ सुटं विकत घेऊ नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका मुळाऐवजी नावाने जवळचं असं दुसरं मूळ गेलं, त्यातल्या अरिस्टोलोकिक आम्लाने शंभरावर माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली. दुकानदाराला नाव लिहून द्या आणि दिलेल्या पुडीवर नाव लिहून घ्या.

साठवण

सिंगापूर काय आणि कोकण काय, दमट हवेत गोजी चिकट होते, होंगझाओला बुरशी धरते आणि दांगशेनमध्ये पोरकिडे होतात, गोड मूळ त्यांना फार आवडतं. या तिन्ही वस्तू घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, लोंगयानही. हुआंगछी, हुआईशान, यूझू बाहेर चालतात, पण दोन महिन्यांनी एकदा ताटात पसरून बघा. भुरकट पूड दिसली तर फेका, निवडत बसू नका. चेनपी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. कोरड्या बरणीत ठेवा आणि स्वच्छ, कोरडं ऊन पडेल त्या दिवशी तासाभरासाठी बाहेर काढा. पावसाळ्यात बरणी उघडूच नका.